नोंदणी रद्द झाली, विवरणपत्र मात्र राहून गेले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बडोद्याच्या रावपुऱ्यातील आमचे भांड्यांचे दुकान गेल्या वर्षी आम्ही बंद केले. वडिलांच्या मागे थोरले बंधू ते सांभाळत होते. पण मुले पुण्यात नोकरीला, त्यात गुडघेदुखी, आणि उलाढाल तर नोंदणीच्या ४० लाखांच्या मर्यादेपेक्षा कितीतरी खाली आलेली. करसल्लागारांमार्फत जीएसटी नोंदणी रद्द करण्याचा अर्ज भरला, महिन्याभरात आदेश आला आणि ‘नंबर सुटला’ म्हणून आम्ही निश्चिंत झालो. (बंधू त्याला अजूनही व्हॅटचाच नंबर म्हणतात. २००६ साली गुजरातेत व्हॅट आला तेव्हाची नोंदणीच जुलै २०१७ मध्ये जीएसटीत वर्ग झाली होती, त्यामुळे त्यांचे फारसे चुकतही नाही.)

सात महिन्यांनी कळले की जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरायचे राहूनच गेले आहे. नोंदणी रद्द झाल्याची तारीख किंवा आदेशाची तारीख, यांपैकी जी नंतरची असेल तिच्यापासून तीन महिन्यांत ते भरावे लागते, आणि उशीर झाल्यास केंद्र व राज्य मिळून दिवसाला २०० रुपये, कमाल १०,००० रुपये विलंबशुल्क लागते. म्हणजे पन्नासाव्या दिवशीच पूर्ण रक्कम अंगावर येते. याबाबतची नोटीस निघालीही होती. परंतु पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल दोन्ही सल्लागारांच्या कचेरीचे होते आणि अर्जातील पुढील पत्रव्यवहाराच्या रकान्यातही तेच लिहिले गेले होते. चूक आमचीही आहे, कारण इतकी वर्षे ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर जातो याचे आम्हाला कधी काही वाटले नाही.

खरी अडचण पुढेच होती. या विवरणपत्रासोबत, शिल्लक मालाच्या खरेदीवर दिलेल्या कराची घेतलेली वजावट किंवा त्या मालावर लागू होणारा कर, यांतील जास्त असेल ती रक्कम भरावी लागते. आमच्या माळ्यावर दोन पितळी समया, झाकणे हरवलेले स्टीलचे डबे आणि एक मोठे घंगाळ एवढेच उरले होते, पण त्यांच्या खरेदीच्या बिलांवरची छपाई उडून कागद पार कोरे झाले होते. बिल नसेल तर बाजारभावाने अंदाज करता येतो, परंतु त्याला सीएचे प्रमाणपत्र लागते, आणि त्याची फी घंगाळाच्या किमतीच्या पुढे गेली. हाच माल अर्जापूर्वी मांडवीतील एखाद्या व्यापाऱ्याला रीतसर बिल करून दिला असता, तर त्यावरचा कर नेहमीच्या विवरणपत्रातच भरला गेला असता. आम्ही आधी अर्ज केला आणि मग माळ्यावर चढलो.

२०२३ मध्ये सरकारने या विवरणपत्राचे विलंबशुल्क १,००० रुपयांपर्यंत खाली आणले होते, परंतु ती सवलत त्या वर्षीच्या ३१ ऑगस्टपर्यंतच होती. शिल्लक माल नगण्य असलेल्या छोट्या दुकानदारांसाठी ती कायमची करावी, अशी माझी विनंती आहे. त्याहून सोपी गोष्ट म्हणजे रद्द केल्याच्या आदेशातच, वरच्या बाजूला आणि आमच्याकडे गुजरातीतही, ‘अमुक तारखेपर्यंत अंतिम विवरणपत्र भरा’ असे ठळक लिहावे, आणि अर्ज स्वीकारण्यापूर्वी मालकाच्या स्वतःच्या मोबाइलची ओटीपीने खात्री करून घ्यावी. तोपर्यंत, ज्यांना दुकान आवरायचे आहे त्यांनी आधी पोर्टलवर आपला मोबाइल नंबर घालावा आणि अर्ज मागाहून करावा.

हिशेबाच्या वह्या तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवाव्या लागतात. आमची दोन खोकी सध्या जिन्याखाली आहेत. वाळवी लागू नये म्हणून बंधूंनी त्यांत कडुनिंबाचा पाला घातला आहे.

आपला नम्र,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे