बेल्परहून आई-बाबांना

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर नीट बोलणे झाले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. इंग्लंडच्या डर्बीशायरमधले बेल्परचे घर आम्ही घेतले, सह्या झाल्या. लंडन सोडून आडगावात चालले आहे असे बाबांना वाटते, तेव्हा डर्बीशायर हा जिल्हा कसा आहे ते आधी वाचा आणि मग मला रागवा.

बाबा, परळच्या वर्कशॉपमध्ये तुमची हयात गेली. डर्बी तुम्हाला परके वाटणारच नाही. तीन कंपन्या एकत्र येऊन 1844 मध्ये मिडलंड रेल्वे झाली, तिचे मुख्यालय डर्बीत होते, आणि 1876 मध्ये तिने लिचर्च लेनला डबे बांधण्याचा जो कारखाना काढला, तिथेच मी आता नोकरीला आहे. लंडनच्या एलिझाबेथ लाइनच्या गाड्या इथेच बांधल्या गेल्या. 1982 च्या गिरणी संपानंतर आपल्या घरात काय झाले ते मी विसरलेले नाही, म्हणूनच एकाच धंद्यावर जगणारे गाव मला नको होते. या जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोळशाच्या खाणी एकामागून एक बंद पडल्या तेव्हा तिथल्या गावांनी तेच सोसले. डर्बीत मात्र रेल्वेबरोबर 1908 पासून रोल्स-रॉइस आहे, आणि शहराजवळच बर्नस्टनला 1992 पासून टोयोटाच्या मोटारी तयार होतात. उद्या माझी नोकरी गेलीच, तर मुलांना घेऊन पुन्हा गाव बदलण्याची वेळ येणार नाही, एवढा विचार करूनच हे पाऊल उचलले आहे.

जवळच्या क्रॉमफर्डला गेले की आजोबांची फार आठवण येते. पाण्याच्या जोरावर कापसाचे सूत कातणारी गिरणी रिचर्ड आर्कराइटने 1771 मध्ये तिथे सुरू केली, आणि पुढे गिरणगावात ज्या पद्धतीने पाळ्या चालल्या तिची सुरुवात याच खोऱ्यातली. कामगारांसाठी बांधलेली तीन मजली दगडी घरे अजून उभी आहेत. वरच्या मजल्याच्या खिडक्या मुद्दाम लांबलचक ठेवल्या आहेत, कारण तिथे माग चालत आणि विणणाऱ्याला उजेड लागे. त्या गिरणीत लहान मुलेही रात्रपाळी करीत, हे वाचल्यावर मला आजोबांचा खोकला आठवला आणि मी बराच वेळ तिथे थांबले.

आई, तुझी काळजी वेगळी आहे हे मला ठाऊक आहे. बेल्परहून डर्बीला गाडीने दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि डर्बीहून लंडन साधारण दीड तासावर आहे. मुंबईच्या विमानासाठी हीथ्रोला जावे लागेल हे खरे, पण एम-वन महामार्ग जिल्ह्यातूनच जातो, त्यामुळे तुमचा फोन आला तर मी त्याच दिवशी निघू शकेन. डर्बीच्या नॉर्मंटन रोडवर डाळी, कढीपत्ता, भाकरीचे पीठ सगळे मिळते. तुमची खोली तळमजल्यावर आहे, न्हाणीघर तिला लागूनच आहे आणि हीटर रात्रभर चालतो; जिना चढायचा नाही.

उन्हाळ्यात या. इंग्लंड-वेल्समधले पहिले राष्ट्रीय उद्यान, पीक डिस्ट्रिक्ट, 1951 मध्ये झाले, ते बहुतांशी आमच्याच जिल्ह्यात आहे. 1968 मध्ये बंद झालेल्या रेल्वेमार्गावर तिथे मॉन्सल ट्रेल ही सपाट पायवाट आहे. रूळ उखडलेले पाहून बाबांना वाईट वाटेल, पण बोगदे आणि पूल शाबूत आहेत, आणि लहानपणी मला खांद्यावर बसवून इंजिने दाखवलीत तशी आता मी तुम्हाला एकेक कमान दाखवीन.

तोपर्यंत माझे ऐका. बाबांनी साखरेची गोळी जेवणाआधी घ्यायची, आठवण झाली की नव्हे. आईने माळ्यावरचे काही काढायला स्टुलावर चढायचे नाही. दोघांच्या पासपोर्टची मुदत आजच पाहा, संपत आली असेल तर दादाला या आठवड्यातच अर्ज भरायला सांगा, आणि गुडघ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी मला व्हॉट्सअॅपवर पाठवा.

तुमची,
मनू