रिकामं यंत्र का तापतं, हे दाखवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानले तेव्हा तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदललात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. त्यात खूप काही होतं, आणि ज्यांच्या शेजारी बसून समजावणारं कोणी नाही त्यांच्यापर्यंतही ते पोहोचावं असं मला मनापासून वाटतं.

तक्रार साधी होती. काम संपवून एडिटर, ब्राउझर सगळं बंद केलं तरी लॅपटॉप गरम आणि पंखा चालूच. बॅटरी भराभर उतरायची. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडला की सगळ्यात वर डॉकरच्या कंटेनरांसाठी चालणारं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणारं दुसरं यंत्र. ज्याला विचारावं तो म्हणे रॅम वाढवून घे, नाहीतर नवा लॅपटॉप माग. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तुम्ही मात्र खुर्ची ओढून बसलात आणि विचारलंत, "आत्ता यातलं कोण कोणासाठी काम करतंय?" पुढचं सगळं त्या एका प्रश्नातून निघालं.

एखादा प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसह वेगळा चालवायची खोली म्हणजे कंटेनर, आणि ते चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे डॉकर. कंटेनर ही हलकी गोष्ट, एवढंच मी ऐकलं होतं. तो हलकेपणा लिनक्सवरचा आहे, हे तुम्ही पहिल्यांदा नीट सांगितलंत. कंटेनर उभे असतात लिनक्सच्या कर्नलमधल्या, म्हणजे गाभ्यातल्या, सीग्रुप (कोणी किती मेमरी-सीपीयू वापरायचा) आणि नेमस्पेस (कोणाला काय दिसायचं) या सोयींवर. मॅक किंवा विंडोजकडे तो कर्नल नाही, म्हणून पडद्यामागे अख्खं लिनक्स मशीन चालवावं लागतं. कंटेनर एक असो की दहा, त्या मशीनचा पाया तेवढाच. मेमरीचं कोडंही तिथेच सुटलं. कंटेनरांचा वापर दाखवणाऱ्या ‘डॉकर स्टॅट्स’ या कमांडमधल्या आकड्यांची बेरीज किरकोळ दिसायची आणि मॅक मात्र कितीतरी जीबी गेल्याचं सांगायचा. लिनक्स मोकळी मेमरी मोकळी ठेवत नाही, वाचलेल्या फायली तिच्यात साठवून ठेवतो. ‘डॉकर स्टॅट्स’ ही साठवण वजा करून आकडा दाखवतं, बाहेरच्या यंत्राला मात्र ती वापरलेलीच दिसते. दोन्ही आकडे खरे, मोजण्याची जागा वेगळी. हे कळल्यावर माझी अर्धी चिडचिड तिथेच संपली.

मग तुम्ही रिसोर्स सेव्हर दाखवलात. लॅपटॉपवर डॉकर चालवणाऱ्या डॉकर डेस्कटॉपमध्ये ही सोय २०२३ पासून आहे. एकही कंटेनर चालू नसेल तर ठरावीक वेळाने, मुळात ५ मिनिटांनी, मॅकवर ते लिनक्स मशीन आपोआप थांबतं आणि २ जीबी किंवा त्याहून जास्त मेमरी परत मिळते. पुन्हा कंटेनर सुरू केला की साधारण ३ ते १० सेकंदांत मशीन उठतं. माझ्याकडे ही सोय चालू होती, तरी ते मशीन कधी झोपतच नव्हतं. इथे दुसरं कोणी असतं तर सॉफ्टवेअरला नावं ठेवून उठलं असतं. तुम्ही म्हणालात, "ते सांगितल्याप्रमाणे वागतंय. त्याला जागं कोण ठेवतंय ते शोधू."

चालू कंटेनरांची यादी काढली. अगदी तळाशी ईमेलची चाचणी घेण्यासाठी ठेवलेला एक छोटा कंटेनर. मेमरी नगण्य, सीपीयू शून्याच्या आसपास. कोणाच्याही नजरेत भरला नसता. पण तो चालू आहे म्हणजे ‘एकही कंटेनर चालू नाही’ ही अट कधीच पुरी होत नाही, आणि त्या एवढ्याशा कंटेनरपायी अख्खं मशीन रात्रंदिवस जागं. कोणते कंटेनर कसे चालवायचे ते जिच्यात लिहितात त्या आमच्या जुन्या कंपोज फाइलमध्ये त्याला ‘रीस्टार्ट: ऑलवेज’ लावलेलं होतं. त्यामुळे हाताने थांबवला तरी डॉकर पुन्हा सुरू झालं की तोही उठून बसायचा. सर्व्हरवर हे हवंच असतं, मध्यरात्री मशीन रीबूट झालं तर सेवा आपोआप वर यायला हवी. लॅपटॉपवर मात्र ‘अनलेस स्टॉप्ड’ पुरतं, आपण थांबवलेला कंटेनर मग थांबलेलाच राहतो. बऱ्याच ठिकाणी तर रीस्टार्टची ओळच नको. ज्या सेवा कधीमधीच लागतात त्यांना तुम्ही कंपोजमधलं प्रोफाइल लावून दिलंत, म्हणजे मागितल्याशिवाय त्या सुरूच होत नाहीत. तो ईमेलवाला कंटेनर आता तिथे आहे.

हेल्थचेकचा भाग मला सगळ्यात जास्त आवडला, म्हणून त्यावर थोडं रेंगाळते. आमच्या प्रत्येक सेवेची तब्येत दर ५ सेकंदांनी तपासली जात होती. तुम्ही माझ्यासमोर कागदावर हिशोब मांडलात. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे एका कंटेनरमागे १७,२८० तपासण्या. सहा कंटेनर धरले तर एक लाखाच्या वर. आणि प्रत्येक तपासणी म्हणजे कंटेनरच्या आत नवी प्रोसेस उभी करायची, ‘कर्ल’ हा छोटा प्रोग्राम चालवून सेवेला विचारायचं, उत्तर घ्यायचं, प्रोसेस मोडायची. एकेकटी फुटकळ, पण प्रोसेसरला निवांत झोपायला सलग वेळच मिळत नाही. मी लगेच म्हटलं, सगळे हेल्थचेक काढून टाकू. तुम्ही हात धरलात. डेटाबेस तयार झाल्याशिवाय अ‍ॅपने सुरू होऊ नये यासाठीच तर ती तपासणी आहे, काढली तर सुरुवात बिघडेल. घाई फक्त सुरुवातीला असते. म्हणून ‘स्टार्ट पीरियड’ दिलात, त्या काळापुरती ‘स्टार्ट इंटरव्हल’ने २ सेकंदांनी तपासणी आणि एकदा गाडी रुळावर आली की दर २ मिनिटांनी. स्टार्ट इंटरव्हल डॉकर इंजिन २५ पासूनच मिळतो, म्हणून आधी सगळ्यांची आवृत्ती पाहायलाही लावलंत. सुरुवात पूर्वीइतकीच चटकन होते, आणि नंतर दिवसाला कंटेनरमागे ७२० तपासण्या.

फायलींवर नजर ठेवणाऱ्या टूलचंही तसंच. आमच्या फ्रंटएंडला, म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या भागाला, कोणीतरी कधीकाळी पोलिंग चालू करून ठेवलं होतं. फाइल बदलली की सिस्टिमकडून सूचना येण्याऐवजी ते टूल सारखं हजारो फायलींना ‘बदललीस का?’ विचारत फिरायचं, कोणी एक अक्षर टाइप करत नसतानासुद्धा. त्या वेळी ते कारणाने केलं असणार, सूचना कंटेनरपर्यंत पोहोचत नसतील. तुम्ही आधी पोलिंग बंद करून एक फाइल सेव्ह केलीत, पान आपोआप ताजं होतंय हे डोळ्यांनी पाहिलंत, आणि मगच तो बदल कायम केलात. लायब्ररींचं फोल्डर नजरेतून वगळलंत ते वेगळंच. पंख्याचा आवाज खऱ्या अर्थाने उतरला तो इथे.

डॉकर डेस्कटॉपच्या सेटिंगमधला कुबरनेटीसचा (पुष्कळ कंटेनर एकत्र सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा) खूण केलेला चौकोन आमच्यापैकी कोणालाच लागत नव्हता. तो काढायला क्षणभर लागला आणि मागे चालणारे त्याचे सगळे घटक गेले.

विंडोजवाल्या सहकाऱ्यासाठी तुम्ही पुन्हा वेगळा वेळ काढलात, याचे आभार त्याच्याही वतीने. डब्ल्यूएसएलवर, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायच्या सोयीत, ते लिनक्स मशीन बाकीच्या डिस्ट्रोंचंही (तिथे बसवलेल्या इतर लिनक्सांचंही) असतं, त्यामुळे रिसोर्स सेव्हर ते बंद करू शकत नाही. तो फक्त आतलं डॉकर इंजिन थांबवतो, म्हणजे सीपीयू सुटतो, पण मेमरी नाही. त्यासाठी तुम्ही त्याच्या डब्ल्यूएसएल कॉन्फिग फाइलमध्ये मेमरीची कमाल मर्यादा घातलीत, कारण मुळात यंत्राच्या निम्म्या मेमरीपर्यंत जायची त्याला मुभा असते. शिवाय वापरात नसलेली मेमरी परत करणारी ‘ऑटो मेमरी रिक्लेम’ ही सेटिंग लावलीत. प्रोजेक्ट विंडोजच्या ड्राइव्हवरून लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये हलवायला सांगितलंत. फाइल बदलल्याच्या सूचना तिथूनच कंटेनरला मिळतात, मग त्यालाही पोलिंगची गरज उरली नाही.

ताई, उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ भेटतात. एखादी सेटिंग पाठवून मोकळे होतात. तुम्ही एका वेळी एकच बदल केलात, दर वेळी आधीचा आणि नंतरचा आकडा लिहायला लावलात, आणि ज्या बदलाने काहीच फरक पडला नाही तो परत पूर्ववत केलात. कॅश पुसायचा मोहही आवरायला लावलात. जुने बिल्ड पुसून डिस्क मोकळी होते, मागे चालणारं काम कमी होत नाही, उलट पुढचा बिल्ड पहिल्यापासून करावा लागतो. हे इतकं स्पष्ट मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

मला हे एवढं महत्त्वाचं का वाटतं, तेही सांगते. आमच्यात नव्याने आलेली मुलं ८ जीबीच्या यंत्रांवर काम करतात. त्यांच्यापैकी एकीला वाटू लागलं होतं की हे काम आपल्या यंत्रावर होणारच नाही, कदाचित आपल्यालाही जमणार नाही. बदललेली कंपोज फाइल तिने घेतली आणि तिच्या यंत्रावर एडिटर, ब्राउझर आणि तीन कंटेनर एकत्र चालले. तुम्हाला हे माहीत नसेल, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तुमच्या हातच्या त्या नोंदी मी नीट टाइप करून प्रोजेक्टच्या रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये घातल्या आहेत, प्रत्येक बदलापुढे त्याचं कारण लिहून. विंडोजचा भाग एकदा नजरेखालून घालाल का? मेमरीची मर्यादा ८ जीबीच्या यंत्रावर किती ठेवावी, याबद्दल तुमचं मत तिथे हवं आहे.

तुमची कृतज्ञ,
पलीकडच्या टेबलावरची सहकारी