टिंबांखाली गेलेला मजकूर

महोदय,

एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांची घरची पत्रे छापताना लढाया तेवढ्या ठेवायच्या आणि पैशाचा, दुखण्याचा मजकूर टिंबे देऊन गाळायचा, अशी रीत पडली आहे. ती मोडली पाहिजे.

ब्रिटिश पायदळात आणि घोडदळात हुद्दा विकत मिळे. सरकारी दराने पायदळातले एन्साइनपद, म्हणजे अधिकाऱ्याचा सर्वांत खालचा हुद्दा, ४५० पौंडांना, कॅप्टनपद १,८०० पौंडांना. वर गुपचूप द्यावी लागणारी रक्कम वेगळी. अनेकदा हा पैसा घरचा किंवा कर्जाऊ असे. हुद्दा विकून नोकरी सोडली तर रक्कम परत मिळे. आजाराने नोकरीतच मृत्यू आला, तर ती सहसा बुडे. म्हणून तापाची बातमी आणि हुद्दा विकण्याचा विचार एकाच पत्रात, शेजारी शेजारी येतात. ताप गाळला की उरलेला माणूस निव्वळ पैशाचा लोभी दिसतो, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे. अर्थात आधी पलटण तपासावी: तोफखाना, इंजिनिअर आणि कंपनी सरकारची फौज यांत ही खरेदी नव्हती. इतरत्रही ती १८७१ मध्ये बंद झाली.

दुखण्याचे शब्दही जपून वाचावेत. ‘एग्यू’ म्हणजे नुसता ताप नव्हे, पाळीने येणारा थंडीताप. कॅलोमेल हे पाऱ्याचे औषध. तोंड आले, लाळ गळू लागली की औषध लागू पडले असे डॉक्टर मानत. पत्रातले सुजलेले तोंड हा बहुधा उपचाराचाच परिणाम असतो, नवा आजार नव्हे.

तारखांत फार घोटाळे होतात. ‘अल्टिमो’ म्हणजे मागचा महिना. हिंदुस्थान आणि इंग्लंडदरम्यान शिडाच्या जहाजाने आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या केपला वळसा घालून पत्र पोचायला चार-सहा महिने लागत. त्यामुळे आईचा काळजीचा प्रश्न मुलगा बरा झाल्यावर, कधी तो गेल्यावरही पोचे. पत्रे लिहिल्याच्या तारखेने लावावीत, पण पोचल्याची तारीख शेजारी नोंदवावीच.

१८४० पूर्वी ब्रिटनमध्ये टपालखर्च कागदांच्या संख्येवर ठरे आणि पाकीटही कागदात मोजले जाई. म्हणून भरलेले पान आडवे फिरवून त्याच ओळींवर पुन्हा लिहीत. असे पान वाचताना एका दिशेच्या ओळी आधी पूर्ण उतरवाव्यात, मग दुसऱ्या. लाखेची मोहर फोडताना कागदाचा तुकडा निघून शब्द जातात. तिथे अंदाजाने भर न घालता चौकटी कंस टाकावा.

— एक वाचक