सुनी ली, तुझ्या कांस्यपदकाबद्दल आभार

प्रिय सुनी,
स. न. वि. वि.

वयाने तू माझ्या भाचीएवढी आहेस, म्हणून औपचारिक पत्र असूनही तुला एकेरीत लिहिते आहे. मराठीतले हे पत्र तुझ्यासारख्या अमेरिकन ऑलिम्पिक जिम्नॅस्टपर्यंत पोहोचेल अशी आशा नाही. परंतु ज्यांच्या घरी मूत्रपिंडाच्या आजाराचे मूल आहे, अशा आणखी काही आईवडिलांनी ते वाचावे, म्हणून ते जाहीरपणे लिहीत आहे.

माझ्या मुलीला बाराव्या वर्षी नेफ्रॉटिक सिंड्रोम झाला, म्हणजे मूत्रपिंडातून लघवीवाटे प्रथिने वाहून जाऊन अंगावर सूज येण्याचा आजार. सकाळी पापण्या उघडेनात इतका चेहरा सुजला, तो आम्ही ॲलर्जीचा समजलो आणि आठवडा वाया घालवला. पुढे स्टिरॉइडच्या गोळ्या, बिनमिठाची आमटी आणि रोज सकाळी लघवीत पट्टी बुडवून प्रथिनांची वहीत नोंद, असा दिनक्रम सुरू झाला. गोळ्यांनी चेहरा वाटोळा झाला तेव्हा तिने शाळेत जायचेच नाकारले. 'तू पुन्हा पहिल्यासारखी होशील' असे आम्ही सगळे तिला येता-जाता सांगत होतो. त्या वाक्याचे तिला किती ओझे होत होते, हे मला फार उशिरा कळले.

तुझी माहिती तिनेच मोबाइलवर शोधून काढली. मिनेसोटातल्या सेंट पॉलमधले, लाओसमधून निर्वासित होऊन आलेल्या हमोंग समाजातले तुझे घर, वडिलांनी तुझ्या सरावासाठी घरीच तयार केलेला लाकडी बीम (तोल सांभाळत कसरती करायची अरुंद पट्टी), २०१९ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा दोन दिवसांवर असताना शिडीवरून पडून त्यांना आलेले अपंगत्व, हे सारे तिने मला वाचून दाखवले. पण ती थांबली ती २०२३ च्या फेब्रुवारीपाशी. ऑबर्न विद्यापीठाच्या संघात असताना एका सकाळी तू सुजलेली उठलीस, तुलाही आधी ती ॲलर्जीच वाटली, आणि ज्या बार्सवर (कसरतीच्या आडव्या दांड्यांवर) तुझे नाव झाले त्या बार्स सुजलेल्या बोटांना धरवेनात. मूत्रपिंडाचे दोन असाध्य विकार निघाले. त्यांची नावे तू स्वतःजवळ ठेवलीस, तो तुझा अधिकार. पण सुजेविषयी आणि वाढलेल्या वजनाविषयी तू मोकळेपणाने बोललीस, हे तुझे आमच्यावरचे पहिले ऋण. आमच्याकडे नातेवाईकांपासूनही आजार लपवतात, मुलीचा तर विशेष.

१ ऑगस्ट २०२४ च्या रात्री पावणेदहाला आम्ही दोघी पॅरिस ऑलिम्पिकची वैयक्तिक ऑल-अराउंड, म्हणजे सर्व साधनांवरच्या एकत्रित गुणांची, अंतिम फेरी पाहायला बसलो. सिमोन बाइल्सला सुवर्ण, रेबेका आंद्रादेला रौप्य आणि तुला कांस्य मिळाले. चौथ्या आलेल्या ॲलिस दामातोपेक्षा तुझे गुण अवघे ०.१३२ जास्त होते. संघाचे सुवर्ण तू दोनच दिवस आधी मिळवले होतेस आणि बातम्यांना पुनरागमनाची कथा म्हणून तेच अधिक शोभले असते. माझ्या मुलीने मात्र प्रथिनांच्या नोंदींच्या वहीतच वजाबाकी मांडली: आधीच्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये याच प्रकारात सुवर्ण मिळाले तेव्हा ५७.४३३, पॅरिसमध्ये ५६.४६५. 'हिला आधीपेक्षा जवळजवळ एक गुण कमी मिळालाय, तरी ही एवढी हसतेय,' ती म्हणाली. मधल्या काळात गुणांची नियमावली बदलली होती, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. थोड्या वेळाने तिने विचारले, 'म्हणजे मी पहिल्यासारखी नाही झाले तरी चालेल?'

त्या सोमवारी ती शाळेत गेली. त्यानंतर दोनदा आजार उलटला आणि दोन्ही वेळा ती गोल चेहऱ्यानेच वर्गात बसली. यात औषधांचा आणि डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. पण तिला घराबाहेर काढणे आमच्यापैकी कोणालाच जमले नव्हते. ते तुझ्यामुळे झाले, त्याबद्दल मी मनःपूर्वक आभारी आहे.

तिचा एक प्रश्न लिहायचे मी कबूल केले होते. तुलाही मीठ वर्ज्य आहे का, आणि असेल तर अंडे कशाबरोबर खातेस? तिने लिंबू आणि मिरपूड दोन्ही करून पाहिले आहे.

तुझी ऋणी,
कोल्हापूरची एक आई