मंडपाच्या साउंडवाल्या भाऊंना, मनापासून थँक्यू

भाऊ, नमस्कार. नाव टाकू नको म्हणालात म्हणून टाकत नाही, पण महाल भागात गणपतीच्या मंडपात ज्यांनी तुमचा साउंड ऐकलाय ते ओळखतीलच.

नागपूरच्या मे महिन्यात भर दुपारी तुम्ही आमच्या खोलीत कूलर बंद करून बसलात, हेच आधी सांगायचंय. कूलरची घरघर खालच्या सुरांतच असते, ती चालू असली की बेस किती खरा ते कळत नाही म्हणालात, आणि घामानं भिजून काम केलंत.

माझे 5 इंची वूफरचे छोटे बुकशेल्फ स्पीकर, आवाज गोड, पण 60 हर्ट्झच्या खाली, म्हणजे अगदी खालच्या सुरांना, दम नाही, म्हणून सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर, सब) घेतला तर कुठलंही गाणं लावा, एकच सूर घुमायचा. जो तो म्हणे अजून मोठा सब घे. तुम्ही मात्र आधी टेप काढून खोली मोजलीत. 12 बाय 12 फूट. लांबी-रुंदी सारखी असली की दोन्हीकडून घुमणारा सूर एकच येतो, इथे साधारण 47 हर्ट्झ, आणि सब कोपऱ्यात असला की तो सगळ्यात जास्त उठतो, हे मला पहिल्यांदा कोणी नीट समजावलं. मग सब माझ्या बसायच्या जागेवर ठेवून तुम्ही स्वतः, या वयात, भिंतीकडेनं रांगत ऐकत फिरलात, जिथे बेस सारखा लागला तिथे सब ठेवायचा म्हणून! ती जागा निघाली समोरच्या भिंतीच्या जवळपास मधोमध.

रिसीव्हरमध्ये स्पीकर ‘स्मॉल’ केले, म्हणजे खालचे सूर त्यांच्याकडून काढून सबकडे दिले, आणि ती वाटणीची सीमा, क्रॉसओव्हर, 80 हर्ट्झवर. 80 हर्ट्झची लाट सुमारे 4.3 मीटर, म्हणजे खोलीहूनही लांब, त्यामुळे आवाज कुठून येतो ते कानाला कळत नाही, आणि छोट्या वूफरवरचं ओझं उतरल्यानं गळा किती मोकळा लागतो! फेज, म्हणजे सबची लाट स्पीकरच्या लाटेशी जुळवायचं बटण, 0 ते 180 फिरवून जिथे आवाज भरला तिथे ठेवलं. लोखंडी कपाटाचं दार थरथरत होतं तेही तुम्हीच शोधलंत, माझ्या तर लक्षातही आलं नसतं.

बाबा तरुणपणी तबला शिकले होते. संध्याकाळी त्यांना एक जुनं वादन लावून दिलं तर डग्ग्याची मींड ऐकून म्हणाले, हा हात दिसतोय रे. सब चालू आहे हे त्यांना सांगावं लागलं. भाऊ, यासाठी तुम्ही एक रुपया घेतला नाही, त्याचं काय करू सांगा.

आता बाबा सोफ्याच्या टोकाला बसतात आणि तिथे बेस अजून थोडा कमी पडतो. समोरासमोरच्या भिंतींना दोन सब लावले तर दोन्ही जागा सारख्या होतील असं तुम्हीच म्हणाला होतात, तर पावसाळ्यात कूलर बंद झाला की या जी, बाबाही वाट बघतायत.