वंशावळ आधी तपासणाऱ्या न्यायाधीशांना

आदरणीय न्यायाधीश मॅडम,

सादर नमस्कार.

कसबा बावड्याच्या न्यायसंकुलातून आपण या महिनाअखेरीस निवृत्त होत आहात. आपल्यापुढे वडिलोपार्जित मिळकतीच्या वाटपाचे दावे चालवणारे वकील आणि कारकून यांच्याकडून हे आभाराचे पत्र.

वाटपाचा दावा रखडतो तो बहुतेक वेळा वारसांपायी. प्रतिवादी वारला की ९० दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर घ्यावे लागतात. ते राहून गेले की त्याच्यापुरता दावा ॲबेट होतो, म्हणजे आपोआप संपतो. मग ॲबेटमेंट रद्द करण्याचा अर्ज, उशीर माफीचा अर्ज, त्यावर समोरच्याचे म्हणणे, यातच वर्ष सरते. म्हणून आपण सुरुवातीलाच वंशावळ मागायचात, एकेका नावावर पेन्सिल टेकवत वाचायचात आणि विचारायचात, "यांच्या बहिणी कुठे आहेत?" मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार असते, वडील हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीआधी वारले असले तरीही, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केले आहे. बहिणींना वगळून मिळवलेला हुकूमनामा अपिलात टिकत नाही आणि दहा-बारा वर्षांचे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. आपल्या त्या एका प्रश्नाने किती घरांचा हा फेरा वाचला!

कैफियतीची, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराची, ३० दिवसांची मुदत, फार तर ९०, आपण मनापासून पाळायला लावलीत. सुरुवातीला ते जड गेले, पण ते योग्यच होते.

सर्वांत मोठे ऋण आपल्या हुकूमनाम्यांचे. शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. हुकूमनाम्यात नुसते "एक तृतीयांश हिस्सा" एवढेच असेल, तर मोजणी होऊनही भांडण बांधावर शिल्लक राहते. आपल्या हुकूमनाम्यात सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी, मोटरचे वीजबिल, पाइपलाइन, मागच्या हिस्स्याला जाणारी गाडीवाट, सगळे असायचे. आडसाली ऊस शेतात दीडेक वर्ष उभा असतो. तो कोणी तोडायचा आणि कारखान्याचे बिल कोणाकोणात कसे वाटायचे, हेही आपण लिहायचात. ऊसबिल एकाच भावाच्या खात्यावर जमा होत राहिले, तर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लवकर निकाली निघावी असे त्याला कशाला वाटेल?

मॅडम, आपण घालून दिलेला वंशावळीचा नमुना, ज्यात बहिणींचा रकाना भावांच्या आधी आहे, आता दावा लिहायला बसण्यापूर्वीच भरून घेतला जातो.

आपले कृतज्ञ,
वाटपाचे दावे चालवणारे वकील व कारकून, कोल्हापूर