सूचना : आय-गेटच्या कोडवर रविवारी एकत्र काम

सर्व हॅम (हौशी रेडिओ) मित्रमैत्रिणींनो,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता क्लबच्या खोलीत आपल्या एपीआरएस गेटवेच्या कोडवर बसायचे आहे. एपीआरएस म्हणजे स्थान आणि छोटे संदेश रेडिओवरून पाठवण्याची पद्धत; ते ऐकून इंटरनेटवर पोचवणारा गेटवे म्हणजे आय-गेट. डायरवुल्फ हे मुक्त सॉफ्टवेअर रेडिओवर १२०० बॉड वेगाने येणारे पॅकेट (माहितीचा छोटा गठ्ठा) उलगडते; ते इंटरनेटवर धाडण्याचे कामही तेच करते. आपल्याला लिहायची आहे ती भोवतालची स्क्रिप्ट: वीज गेली-आली की गेटवे आपोआप उठला पाहिजे, आणि नोंदवही मराठीत वाचता आली पाहिजे.

चाचणी १४५.८२५ मेगाहर्ट्झवर, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आपल्या आकाशातून जाईल त्या फेरीत. फेरी जेमतेम दहा मिनिटांची, त्यामुळे उशिरा येणाऱ्यांसाठी स्थानक थांबणार नाही!

– रास्पबेरी पाय (छोटा संगणक) आणि आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा रेडिओ रिसीव्हर) असल्यास आणा. मेमरी कार्डावर सिस्टिम घरूनच टाकून आणा, तिथे तासभर जातो.
– गेटवे फक्त ऐकणारा आहे. प्रक्षेपण कोणीही करायचे नाही, परवाना असला तरी.
– कॉन्फिग (मांडणीची) फाइल गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, चढवताना कॉलसाइन (परवान्यावरचे रेडिओ-नाव) आणि पासकोड (एपीआरएसच्या इंटरनेट जाळ्यात शिरण्याचा क्रमांक) काढून टाका. मागच्या वेळी आपल्यापैकीच एकाचा पासकोड जगजाहीर झाला होता.
– कोडच्या मुख्य शाखेत (सर्वांच्या मूळ प्रतीत) थेट बदल नको. आपली शाखा काढा.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथेच कॉलसाइन लिहून कळवा. चहा आहे, डबा आपापला.

– सचिव